आय-सेव्हनच्या बाजूने

माझ्या बायकोला माझ्या फोनचा पासवर्ड माहीत आहे, कॉलेजात मी कोणाच्या मागे होतो ते माहीत आहे, मी पोहायला येतं म्हणतो पण येत नाही हेही माहीत आहे. हे मात्र माहीत नाही. आईला नाही, भावाला नाही, कुणालाच नाही. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही ओळखीचे नाही म्हणून. वाचता वाचता होईल थोडी ओळख – पण तोवर माझं सांगून झालेलं असेल.

गोष्ट दोन जुन्या लॅपटॉपची आहे. हसू नका. म्हणजे – हसा, सुरुवातीला मीही हसतच होतो. दोन जुने लॅपटॉप, त्यातला कुठला जास्त वेगाने चालतो, एवढाच प्रश्न. यात अपराध कसला आलाय, असं तुम्हाला वाटेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटून घ्यायला आवडायचं.

आधी माझी चाल-चलणूक सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी मूळचा सांगलीचा. चेन्नईत एका कंपनीच्या सपोर्ट विभागात आहे – लोकांचे बिघडलेले लॅपटॉप दुरुस्त करायचे, नवे द्यायचे, जुने परत घ्यायचे. ऑफिस ओएमआरवर, म्हणजे आयटी कंपन्यांच्या रस्त्यावर, घर तांबरमला. इथल्या मराठी पोरांत मी ‘लॅपटॉपचा डॉक्टर’. कुणाला नवा घ्यायचा असो, जुना विकायचा असो, फोन मला. आणि मला ते फार आवडतं. कशाला खोटं बोलू? नुसता प्रोसेसरचा स्टिकर बघायचा आणि निकाल द्यायचा. आय-थ्री? ठेवा बाजूला. आय-फाइव्ह? चालून जाईल. आय-सेव्हन? डोळे मिटून घ्या. समोरचा माणूस हं-हं करत ऐकतो. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि वर चहाही मिळतो.

एक खोड आणखी आहे. एकदा दिलेला निकाल मी परत घेत नाही. पडलो तरी नाक वर. ऑफिसात याला आत्मविश्वास म्हणतात. घरी याला दुसरं नाव आहे, ते इथे नको.

तर – माधवराव काका. माझे घरमालक. तंजावरचे मराठी, पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात गेलेल्या, तरी घरात मराठीच. ती मराठी आपली आहे आणि नाहीही. शब्द आपल्या पणजोबांच्या वेळचे, हेल पक्का तमिळ, आणि मध्येच ‘बरं’साठी ‘सरि’ किंवा एखादं ‘अय्यो’. घर बघायला गेलो तेव्हा काकूंनी दारातच ‘या, बैसा’ म्हटलं आणि मला उगाचच भरून आलं. तिथेच ठरवलं, घर हेच. ते वरच्या मजल्यावर, मी खाली. तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. रविवारचं जेवण वरच असायचं. काकूंची डांगर पच्चडी – उडदाचं पीठ दह्यात कालवलेली – खाल्ली की मला आठवडाभर ऑफिसच्या कँटीनकडे बघवत नसे.

त्यांची मुलगी रुक्मा. एकुलती एक. इंजिनिअरिंग संपवून नोकरी शोधत होती. बोलणं कमी, पण प्रोग्रॅमबद्दल बोलायला लागली की थांबत नसे. तमिळ, मराठी, इंग्रजी सगळं एकत्र कालवून बोलायची. मला अण्णा म्हणायची. मराठीतला अण्णा की तमिळमधला, मी कधी विचारलं नाही. दोन्हीकडे मोठा भाऊच.

तिला एका मोठ्या कंपनीच्या परीक्षेला बोलावणं आलं होतं. घरी बसूनच द्यायची परीक्षा – कॅमेरा चालू, खोलीत दुसरं कुणी नाही, तीन तास प्रोग्रॅम लिहायचे आणि चालवून दाखवायचे. पास झाली तर जे काम तिला करायचं होतं नेमकं तेच काम. नापास झाली तर पुन्हा बोलावणं नाही. एका माणसाला एकच संधी, असा त्या कंपनीचा नियम होता. काकांना त्या कंपनीचं नाव नीट उच्चारता येत नसे, पण ते नाव निघालं की खुर्चीत सरळ होऊन बसायचे.

घरात लॅपटॉप दोन. एक जाडजूड, काळा, विटेसारखा वजनदार. रुक्माने कॉलेजची सगळी वर्षं त्याच्यावर काढलेली. त्यावर आय-फाइव्हचा स्टिकर, कडा उडालेला. दुसरा पातळ, चंदेरी, दिसायला देखणा. बेंगळुरूच्या चुलतभावाने नवा घेतला म्हणून हा हिला दिलेला. त्यावर आय-सेव्हन. दोन्ही जुनेच, पण पातळ वाला दोन-तीन वर्षांनी धाकटा. एक ठेवायचा, एक तंजावरला मामाकडे पाठवायचा, असं घरात ठरलं होतं. जो ठेवायचा त्यात मी नवी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवून देणार होतो. मग ठेवायचा कुठला?

हा प्रश्न मला रविवारी जेवताना विचारला गेला. चुलतभावाच्या घरचे दोघंतिघं आले होते, म्हणजे श्रोतेही भरपूर. मी लॅपटॉप उघडूनसुद्धा पाहिले नाहीत. पानावरूनच म्हणालो, हा काय प्रश्न झाला? आय-सेव्हन तो आय-सेव्हन. वरून नवाही. तो जाडा द्या मामांना, दाराला टेकू लावायला होईल. सगळे हसले. काका म्हणाले, “तुमी सांगितलांत म्हणजे सरि. आमाला त्यांतलें काय कळते?”

रुक्मा वाढत होती. ती हळूच म्हणाली, “पण अण्णा, ते पातळ आहे ना, ते पहिले जोरात धावते. मग दमते. जाडें तसें नाही करत.”

आता हे वाक्य नीट ऐका. मी नाही ऐकलं. मी काय केलं? मी हसलो. म्हणालो, अगं, लॅपटॉप काय बैल आहे का दमायला? वाटणं वेगळं आणि मोजणं वेगळं. मी ऑफिसात नेऊन मोजतो, मग तर झालं? पुन्हा सगळे हसले. तीही हसली, जरा लाजून, आणि रसम वाढायला पुढे गेली.

तुम्हाला वाटेल हाच माझा अपराध – चारचौघांत एका मुलीला गप्प केलं. नाही. हे वाईटच, पण असं आपण सगळेच करतो. थांबा, अजून तिथे आलो नाही.

मी खरंच मोजलं. दोन्ही लॅपटॉप ऑफिसात नेले, दोन्हीत सगळं सारखं करून घेतलं, आणि आम्ही नेहमी वापरतो ती चाचणी लावली. तिला काही मिनिटंच लागतात: प्रोसेसरला जोरात पळवायचं आणि आकडा बघायचा. आय-सेव्हन पुढे. फार नाही, थोडाच, पण पुढे. मला बरं वाटलं. त्या बऱ्या वाटण्यातच थांबलो असतो तर आज तुमच्यासमोर बसलो नसतो. निदान अडाणी तरी राहिलो असतो.

पण ते ‘दमते’ डोक्यातून जाईना. आमच्या ऑफिसच्या त्या खोलीत एसी इतका असतो की आम्ही एप्रिलमध्ये स्वेटर घालतो. रुक्माच्या खोलीत एसी नाही. गच्चीखालची खोली, एक पंखा, तोही गरम हवाच फिरवणारा. म्हणून एका सुट्टीच्या दुपारी मी दोन्ही लॅपटॉप माझ्या खोलीत टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, खिडक्या लावल्या, आणि तीच चाचणी थांबू न देता पुन्हा पुन्हा चालू ठेवली. स्वतः बनियनवर बसून बघत राहिलो.

काय झालं ते साध्या शब्दांत सांगतो. प्रोसेसरच्या नावात पुढे आकडे असतात आणि शेवटी एक अक्षर. स्टिकरवर ते छापत नाहीत, म्हणून कुणी वाचत नाही. त्या पातळ लॅपटॉपचा आय-सेव्हन हा कमी विजेवर चालणारा, पातळ डब्यात मावावा म्हणून केलेला. थोडा वेळ जोर लावायचा असेल तर तो फक्कड. पण डबा पातळ, पंखा लहान, वर चेन्नईचा उन्हाळा. तापला की जळू नये म्हणून तो स्वतःच वेग कमी करतो. जाड्याचा आय-फाइव्ह जुना, विजेला खादाड, पण त्याला पूर्ण वीज मिळते आणि पंखाही मोठा. तो आवाज करत, कुरकुरत, एकाच चालीने चालत राहिला. अर्ध्या तासात पातळ वाला त्याच्या मागे पडला. थोडा नाही, निम्म्याच्या आसपास. मी हात लावून पाहिला तर बोट ठेववत नव्हतं.

रुक्माला हे कसं कळलं होतं? तिच्याकडे चाचणी नव्हती, काही नव्हतं. ती फक्त रोज त्यावर बसत होती आणि लक्ष देत होती. आमच्या धंद्यात याहून मोठी अक्कल नसते. हे मला त्या दुपारी कळलं. राग आला. कुणाचा? तिचाच. हे लिहितानाही लाज वाटते, पण तिचाच.

मी वर गेलो. काका झोपाळ्यावर होते. मी सांगितलं – ऑफिसात मोजलं, आय-सेव्हन पुढे आहे.

यात खोटा शब्द एकही नाही. ऑफिसात मोजलं होतं. पुढे होता. आकडासुद्धा खरा सांगितला. फक्त दुसरी दुपार सांगितली नाही. आमच्याकडे असंच चालतं. ज्याला जे विकायचं असतं तो ती चाचणी दाखवतो, आणि कुणी त्याला खोटारडा म्हणत नाही. रुक्माने ऐकलं, मान डोलावली. म्हणाली, “मग मलाच तसें वाटले असेल.” मी म्हणालो, असं होतं कधी कधी.

‘पातळ वाला गरम होतो, तुझं बरोबर होतं.’ बस्स, इतकंच म्हणायचं होतं. कुणी मला फासावर देणार होतं का? काका म्हणाले असते, “सरि,” आणि झोपाळा पुन्हा सुरू झाला असता. काकूंनी कॉफी आणली असती. ज्याची किंमत एवढी कमी होती तेही माझ्याने झालं नाही.

एसएसडी पातळ लॅपटॉपमध्ये बसली. जाडा तंजावरला गेला. मामा अजून त्यावर पंचांग बघतात, मजेत आहेत.

परीक्षा मे महिन्यात आली. दुपारची वेळ. दार बंद, गच्चीकडची खिडकी बंद – रस्त्याचा आवाज कॅमेऱ्यात आला तर परीक्षा रद्द होईल या धास्तीने. काकूंनी खोलीबाहेर पाण्याचा तांब्या ठेवला होता, पण परीक्षा चालू असताना उठायचं नाही असाही नियम होता. मी खाली होतो. सुट्टी होती. मी क्रिकेट लावलं होतं आणि एकही चेंडू पाहिला नाही. वर काय होत असेल ते मला माहीत होतं, अगदी पायरी पायरीने माहीत होतं, कारण मी ते माझ्या टेबलावर बघितलेलं होतं. पहिला काही वेळ झकास. मग पंख्याची शिट्टी. मग एक एक गोष्ट उशिरा.

रुक्मा बाहेर आली ती घामाने निथळत. ओढणीने तोंड पुसत म्हणाली, पहिल्या तासात दोन प्रश्न सुटले होते. मग प्रोग्रॅम चालवायला लावला की नुसतं चाक फिरत राहायचं. वेळ संपला म्हणून प्रोग्रॅम चूक धरले. शेवटच्या प्रश्नात कॅमेरा अडकला, तो सुरू होईपर्यंत तीन तास संपले. काकूंनी विचारलं, कशी गेली? ती म्हणाली, “माझाच हात चालला नाही, अम्मा.”

काही दिवसांनी निकाल आला. नाही.

आता येतो तिथे. बघा, किती फेऱ्या मारून आलो.

निकालाबरोबर कंपनीची एक मेल होती, सगळ्यांना जाते तसली. परीक्षा चालू असताना तुमच्या यंत्रात काही बिघाड झाला असल्यास कळवा. खात्री पटल्यास परीक्षा पुन्हा देता येईल. उत्तराला मुदत होती. म्हणजे दार पूर्ण बंद झालेलं नव्हतं. नुसतं लिहायचं होतं की लॅपटॉप तापून हळू पडला. आणि हे पटवून द्यायला तिच्या घरातच, खालच्या मजल्यावर, त्याच कामाचा पगार घेणारा माणूस राहत होता.

ती खाली आली. फोन हातात. संध्याकाळ होती, मी भाजी निवडत होतो – चवळीच्या शेंगा, हेसुद्धा लक्षात आहे. तिने मेल दाखवली आणि विचारलं, “अण्णा, मशिनांत काही दोष असेल का? तसें लिहूं का मी?”

तिने आरोप केला नाही. ती आठवण काढून म्हणू शकली असती, मी सांगितलं नव्हतं का, ते दमते म्हणून? नाही म्हणाली. तिला ते आता स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. माझ्या त्या ऑफिसच्या आकड्याने ते पुसून टाकलं होतं. ती खरोखरच विचारत होती, कारण या घरात मशिनमधलं कळणारा माणूस मी होतो.

आणि मी काय म्हणालो? मी हसलो. शेंगा निवडत निवडत म्हणालो, मशिनमध्ये काही नाही गं. सांगलीकडे म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं.

असं म्हणालो.

मग तीही हसली. म्हणाली, ही म्हण तमिळमध्येही आहे, फक्त तिथे अंगणाच्या जागी घरातला हॉल वाकडा असतो. आम्ही दोघं त्यावर थोडं बोललो – बघा कशी म्हण दोन्हीकडे सारखी. मी तिला शेंगाही दाखवत होतो, चांगली कुठली, किडकी कुठली. मग ती वर गेली आणि मुदत संपू दिली.

का केलं असं? हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलं आहे की प्रश्नाची धार गेली. बिघाड लिहायचा म्हणजे बिघाड कसला ते सांगावं लागलं असतं. मग तो आधी माहीत होता का, हा प्रश्न आला असता. मग ती दुपार. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि त्या मुठीत होतं काय? एवढंच, की एका रविवारी जेवताना मी चुकलो होतो. यासाठी मी तिची संधी जाऊ दिली. भीतीने नाही, द्वेषाने नाही. लोकांनी मला शहाणा म्हणावं म्हणून.

एक पळवाट मी बरेच दिवस वापरली, तीही सांगून टाकतो: पुन्हा परीक्षा झाली असती तरी ती पास झाली असती कशावरून? खरंच, कशावरून? मला माहीत नाही. तिलाही कधी कळणार नाही, आणि ते माझ्यामुळे. ही पळवाट नाही, हा वरचा आणखी एक घाव आहे, हे कळायला मला फार वेळ लागला.

पुढे काकांनी मला बोलावून कॉफी पाजली. “तुमी रोम्ब केलांत, फार केलांत तिच्यासाठी. तिचें दैव नाही,” म्हणाले. मी कॉफी प्यायलो. कप खाली ठेवताना हात जरासुद्धा हलला नाही. आपल्या हातांना आपल्यापेक्षा कमी लाज असते.

रुक्माने वर्षभराने गुम्मिडिपूंडीला एका कारखान्यात नोकरी धरली. स्टोअरमध्ये कुठला माल आला, कुठला गेला ते कॉम्प्युटरवर भरायचं. तांबरमहून गुम्मिडिपूंडी म्हणजे शहराचं एक टोक ते दुसऱ्याच्याही पलीकडे; मध्ये गाडी बदलायची, आणि एन्नोरच्या कारखान्यांचा वास आला की ओढणी नाकाला लावायची, असं ती सांगते. सकाळी मी दात घासत असतो तेव्हा ती जिना उतरते. ‘येतें, अण्णा,’ म्हणते. पातळ लॅपटॉप तिने पुढे एका मावसबहिणीला देऊन टाकला. प्रोग्रॅमबद्दल पुन्हा कधी बोलली नाही. तीन भाषा एकत्र कालवून बोलणं बंदच झालं.

माझं लग्न झालं. बायकोचं आणि रुक्माचं चांगलं जमतं. बायको मला एकदा म्हणाली, पोरगी इतकी हुशार आहे, पण स्वतःवर विश्वास म्हणून नाही. असं कसं होत असेल? मी म्हणालो, स्वभाव असतो एकेकाचा. मोबाइलमध्ये बघत म्हणालो. इतकी वर्षं झाली, पण मला त्या घरात कुणी कधी संशयाने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असंही म्हणवत नाही. मला ते सोपंच पडलं.

गेल्या महिन्यात ती एका रविवारी वाटीतून पच्चडी घेऊन खाली आली. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बायकोशी बोलत होती. कारखान्यात नवी कॉम्प्युटर यंत्रणा बसवतायत. साहेबांनी तिचं काम पाहून तिला विचारलं होतं, प्रोग्रॅमवाल्या टीममध्ये येतेस का? शिकवायचीही तयारी होती त्यांची. ऑफिस गिंडीला, म्हणजे रोजची ती लांबची वणवणही संपली असती. ती नाही म्हणून आली होती.

बायको चिडलीच. का म्हणून? रुक्मा म्हणाली, “मला वेळ लागते, वहिनी. सगळे धावतील, मी मागे राहीन. ते मी एकदा पाहिले आहे. पुन्हा नको.” साहेबांनी सोमवारपर्यंत विचार करायला सांगितलं होतं, पण तिचा विचार झाला होता.

बायको माझ्याकडे वळली. म्हणाली, अहो, तुम्ही सांगा ना हिला, तुमचं ऐकेल ती. दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी जेवायला बसलो होतो, हातात घास होता.

मी म्हणालो, तिची इच्छा नसेल तर कशाला आग्रह करायचा?

रुक्माचा चेहरा मोकळा झाला. सुटका झाल्यासारखी हसली आणि बायकोला म्हणाली, “पाहिलांत, वहिनी? अण्णाला माझें माहीत आहे.”

ती वर गेल्यावर बायकोने वाटी धुतली. रिकामी देऊ नये म्हणून तीत साखर घातली आणि माझ्या हातात दिली. मी जिना चढून गेलो. काका-काकू देवळात गेले होते. दार रुक्मानेच उघडलं. ती एकटी होती, आणि सोमवार उजाडायचा होता.

मी वाटी दिली आणि खाली आलो.